बायोइन्फॉर्मॅटिक्स आणि स्टॅटिस्टिकल जेनेटिक्समध्ये पीएचडी: कुठे, कशी आणि कुणाकडे

एमएस्सी बायोटेक, एमएस्सी बायोइन्फॉर्मॅटिक्स, एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, अधूनमधून बीटेक कॉम्प्युटरवाले, अशा सगळ्या मुलामुलींचे मेसेज येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, या फील्डमध्ये पीएचडीसाठी बेस्ट युनिव्हर्सिटी कुठली. याचं एका ओळीत उत्तर देणं म्हणजे तुमचं नुकसान करणं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझा क्रम असा आहे की आधी प्रश्न ठरवायचा, मग त्या प्रश्नाचा डेटा कुणाकडे आहे ते बघायचं, मग गाईड, मग पैसे कुठून येणार, आणि सगळ्यात शेवटी युनिव्हर्सिटीचं नाव. बहुतेक जण हे नेमकं उलट करतात, म्हणजे रँकिंगची यादी उघडून वरून दहा नावं उचलतात, आणि मग तिसऱ्या वर्षाला कळतं की आपल्याला हवा तो डेटा या लॅबकडे नाहीच आणि गाईडचा तो विषयही नाही.

आधी तुम्ही कुठल्या बाजूचे ते बघा

बायोइन्फॉर्मॅटिक्स या नावाखाली खूप काय काय येतं. प्रोटीनची रचना, बॅक्टेरियाचे जीनोम तुकड्यातुकड्यांतून जोडणं, एकेका पेशीतला आरएनए मोजणं, कॅन्सरच्या गाठीतली म्युटेशन्स शोधणं, या कामांसाठी नवीन अल्गोरिदम लिहिणं, सगळंच. स्टॅटिस्टिकल जेनेटिक्स त्या मानाने नेमकं आहे. माणसामाणसांच्या डीएनएमध्ये जे बारीक फरक असतात त्यांचा उंची, कोलेस्टेरॉल, डायबेटिस, स्किझोफ्रेनिया अशा गोष्टींशी किती संबंध आहे, तो आकड्यांत मोजायचा. याचं मूळ रोनाल्ड फिशरच्या १९१८ च्या पेपरमध्ये आहे. उंचीसारखा सलग बदलत जाणारा गुण मेंडेलच्या नियमांतूनच येऊ शकतो, फक्त त्यामागे खूप जीन्स असतात आणि प्रत्येकाचा वाटा छोटा असतो, हे त्याने गणिताने दाखवलं. आज आपण लाखो लोकांच्या डेटावर जे जीवॉस करतो, म्हणजे पूर्ण जीनोमभर एकेक जागा घेऊन तिचा आजाराशी संबंध तपासतो, ते त्याच विचाराचं आजचं रूप आहे.

यातलं तुम्हाला खरंच काय आवडतं ते कळायला एक साधा हिशोब करून बघा. समजा दहा लाख जागा तपासल्या, आजाराशी एकीचाही संबंध नाही, आणि तुम्ही पी-व्हॅल्यूची (संबंध नसतानाही इतका ठळक निकाल योगायोगाने यायची शक्यता) मर्यादा नेहमीची ०.०५ ठेवली. तर निव्वळ योगायोगाने पन्नास हजार जागा "सापडल्या" असं दिसेल. म्हणून ०.०५ ला दहा लाखांनी भागायचं, उत्तर येतं ०.०००००००५, आणि जीवॉसच्या पेपरमध्ये सगळीकडे जी मर्यादा दिसते ती हीच. आता हे वाचून तुमच्या मनात लगेच पुढचा प्रश्न आला असेल, की बाबा शेजारशेजारच्या जागा तर एकत्रच वारशाने येतात, मग त्या दहा लाख स्वतंत्र कशा धरायच्या, तर स्टॅटिस्टिकल जेनेटिक्स तुमच्यासाठी आहे, बिनधास्त पुढे वाचा. आणि प्रश्न न येता "ठीक आहे, पण ती जीन पेशीत करते काय" असं वाटलं, तर तुमचा ओढा फंक्शनल जीनोमिक्सकडे आहे, तेही तितकंच चांगलं, फक्त लॅब वेगळ्या शोधाव्या लागतील.

आपल्याकडच्या मुलांनी यात का यावं

हे मला मनापासून सांगायचंय. जगातल्या जीवॉसमध्ये सहभागी झालेले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. यूके बायोबँकमध्ये, म्हणजे लोकांचा डीएनए आणि आरोग्याची माहिती एकत्र साठवणाऱ्या प्रकल्पात, पाच लाख माणसं आहेत, फिनलंडच्या फिनजेनमध्येही पाच लाख, एस्टोनियासारख्या छोट्या देशाच्या बायोबँकेत दोन लाख. त्यांच्यावरून बनवलेले पॉलिजेनिक स्कोअर (खूप जागांचे छोटे छोटे परिणाम एकत्र करून काढलेला धोक्याचा आकडा) आपल्या लोकांना लावले की अचूकता घसरते, कारण एखादा व्हेरियंट, म्हणजे डीएनएमधला बारीक फरक, किती लोकांत आहे आणि शेजारच्या जागांशी त्याचं नातं कसं आहे ही दोन्ही गणितं लोकसंख्येनुसार बदलतात. वन थाउजंड जीनोम्स हा सगळ्यांचा आवडता फुकट डेटा, त्याच्या तिसऱ्या टप्प्यात २,५०४ माणसं आहेत, त्यात दक्षिण आशियाचे पाच गट: ह्यूस्टनमधले गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू, ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशचे बंगाली. मराठी माणसांचा गट नाही.

त्यात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झालीत. २०१७ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये आलेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून जास्त गट तपासले होते आणि त्यातल्या ८१ गटांत फाउंडर इफेक्ट फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही जास्त दिसला. म्हणजे काही मोजक्या पूर्वजांपासून गट वाढला आणि त्यांच्यातले दुर्मिळ रिसेसिव्ह (आई-वडील दोघांकडून सदोष जीन आली तरच होणारे) आजार गटात टिकून राहिले. हे शोधून काढलं तर लग्नाआधीच्या किंवा गरोदरपणातल्या तपासणीत थेट उपयोग होऊ शकतो. आता आपल्याकडे डेटाही यायला लागलाय. सीएसआयआरच्या इंडिजेन प्रकल्पात २०१९ मध्ये हजारावर भारतीयांचे पूर्ण जीनोम वाचले गेले, आणि जीनोम इंडियाचा दहा हजार लोकांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमार्फत संशोधकांसाठी खुला झाला. तो नीट वापरू शकतील अशी, स्टॅटिस्टिक्स पक्कं असलेली माणसं मात्र आपल्याकडे कमी आहेत.

भारतात कुठे

स्टॅटिस्टिकल जेनेटिक्स म्हटलं की पहिली दोन नावं बंगालमधली. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (आयएसआय), तिथे ह्यूमन जेनेटिक्स युनिट आहे, आणि या विषयाची परंपराच तिथली आहे, संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी त्यांचं प्रसिद्ध डिस्टन्स, म्हणजे दोन गट एकमेकांपासून किती वेगळे ते सांगणारं माप, माणसांच्या शरीराची मापं घेता घेताच काढलं आणि जेनेटिक्समधले मोठे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये ब्रिटन सोडून याच संस्थेत आले होते. दुसरी म्हणजे कल्याणीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल जीनोमिक्स, पार्थ मजुमदार तिचे संस्थापक संचालक. आयएसआयची स्वतःची प्रवेश परीक्षा साधारण मे महिन्यात असते आणि त्यातलं गणित हलक्यात घेऊ नका, जुने पेपर सोडवल्याशिवाय बसू नका.

बाकी दिल्लीची आयजीआयबी आणि हैदराबादची सीसीएमबी या सीएसआयआरच्या लॅब. सीसीएमबीत भारतीय लोकसंख्येच्या इतिहासावर खूप मोठं काम झालंय. इथली पीएचडीची डिग्री ॲकसिर (सीएसआयआरचीच ॲकॅडमी) देते. चेन्नईची आयएमएससी, बंगळुरूची एनसीबीएस आणि आयआयएससी, जेएनयूचं कॉम्प्युटेशनल स्कूल, दिल्लीची आयआयआयटी, हेही बघा. टीआयएफआर आणि एनसीबीएसच्या बायोलॉजीच्या पीएचडीसाठी जेजीबिल्स नावाची परीक्षा असते, ती थिअरीच्या पाठांतरावर निघत नाही, ग्राफ वाचून विचार करायला लावते. फिजिक्स किंवा गणितातून येणाऱ्यांना ती खरं तर जास्त जमते.

महाराष्ट्रातच राहायचं असेल तरी पर्याय आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मॅटिक्स सेंटर देशातल्या जुन्या सेंटरपैकी एक. शिवाय आयसर, एनसीसीएस, एनसीएल आणि सीडॅक. मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी, खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक, कॅन्सर जीनोमिक्स करायचं तर ते बघाच, कारण पेशंटचा डेटा आणि तो गोळा करणारे डॉक्टर एकाच कॅम्पसमध्ये भेटतात, ही सोय फार कमी ठिकाणी असते.

परीक्षांबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बायोवाले सगळे लाइफ सायन्सेसच्या नेटला बसतात, पण स्टॅटिस्टिक्सवाल्यांना सीएसआयआर नेटचा मॅथेमॅटिकल सायन्सेसचा पेपर आहे, त्यात स्टॅटिस्टिक्सचा भाग असतो. गेटमध्ये २०१९ पासून स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर आहे आणि २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा. म्हणजे बायोलॉजी न शिकलेला मुलगासुद्धा स्वतःच्या विषयातून पात्र होऊन जीनोमिक्सच्या लॅबमध्ये जाऊ शकतो, फक्त ती संस्था तुमच्या विषयाचा स्कोअर त्या विभागासाठी धरते का हे जाहिरातीत वाचा आणि शंका असेल तर ॲकॅडमिक ऑफिसला मेल करून लेखी उत्तर घ्या. नेटमध्ये आता "फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र" असाही एक गट असतो, त्यात आलात तर प्रवेशाचा मार्ग उघडतो पण जेआरएफचे (ज्युनियर रिसर्च फेलोशिपचे) पैसे मिळत नाहीत, निकाल बघताना हा फरक नीट बघा.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफचे ४२,०००, वर एचआरए. जेआरएफ नसेल तर आपल्या राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. या फेलोशिपसाठी साधारणपणे आधी पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालेलं लागतं, म्हणून जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, रजिस्ट्रेशनचं पत्र, हे सगळं आधीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. परदेशात जाणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती पीएचडीलाही लागू होते. खूप हुशार मुलं केवळ माहिती नाही म्हणून हे सोडून देतात, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना सांगा प्लीज.

परदेशात कुठे

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की या विषयात स्वतःच्या खिशातून फी भरून पीएचडी करायची नसते. पैसे मिळत नसतील तर ती ऑफर घेऊ नका, घर गहाण टाकून तर अजिबात नाही.

अमेरिकेत पीएचडी पाच-सहा वर्षांची, फी माफ आणि वर स्टायपेंड, पहिल्या वर्षी बऱ्याच प्रोग्रॅममध्ये दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन, म्हणजे थोडे थोडे दिवस काम, करून मग गाईड ठरवता येतो. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचं बायोस्टॅटिस्टिक्स, मिशिगन, हार्वर्ड, ही स्टॅटिस्टिकल जेनेटिक्सची मोठी ठिकाणं. मिशिगनचा इम्प्युटेशन (न मोजलेल्या जागांचा डीएनए अंदाजाने भरून काढायचा) सर्व्हर तर जगभरचे लोक वापरतात. कॉम्प्युटेशनल बायोलॉजीकडे ओढा असेल तर कार्नेगी मेलन आणि पिट्सबर्गचा जॉइंट प्रोग्रॅम, यूसीएलएचं बायोइन्फॉर्मॅटिक्स, नॉर्थ कॅरोलायना स्टेट. तुमची गणिताची बाजू पक्की असेल तर बायोस्टॅटिस्टिक्स डिपार्टमेंटमधून अर्ज करा, तिथे स्टॅटिस्टिक्सचे कोर्स नीट होतात आणि पुढे नोकरीचे पर्यायही वाढतात. अर्जाच्या तारखा साधारण १ ते १५ डिसेंबर, इंटरव्ह्यू जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ऑफर स्वीकारायची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल. जीआरई बऱ्याच ठिकाणी काढून टाकलीय, प्रत्येक वेबसाइटवर बघून घ्या, उगीच पैसे घालवू नका. अजून एक, एनआयएचच्या (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या) ट्रेनिंग ग्रँट फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतात, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांना कशातून पैसे देता हा प्रश्न प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला सरळ विचारायचा, यात काही वाईट दिसत नाही. २०२५ मध्ये तिकडे संशोधनाच्या निधीला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, तेव्हा फक्त अमेरिकेवर विसंबून राहू नका.

ब्रिटनमध्ये केंब्रिजजवळ हिंक्स्टन नावाचं गाव आहे, तिथे एकाच कॅम्पसवर वेलकम सँगर इन्स्टिट्यूट आणि ईएमबीएल-ईबीआय दोन्ही आहेत, जीनोमिक्सच्या माणसाला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. सँगरची पीएचडी चार वर्षांची आणि डिग्री केंब्रिजची. ईबीआयसाठी ईएमबीएलच्या इंटरनॅशनल पीएचडी प्रोग्रॅममधून अर्ज करायचा, तो जगभरच्या मुलांना खुला आहे. ऑक्सफर्डमध्ये जीनोमिक मेडिसिन अँड स्टॅटिस्टिक्स नावाचा प्रोग्रॅमच चालत आलाय, सध्या प्रवेश सुरू आहे का ते वेबसाइटवर बघा. ब्रिटनची अडचण फीची, परदेशी विद्यार्थ्याला स्थानिकपेक्षा कितीतरी जास्त फी असते आणि काही स्टुडंटशिप फक्त स्थानिक फीएवढेच पैसे देतात. यूकेआरआयच्या (ब्रिटनमध्ये संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) जागांत परदेशी विद्यार्थी ३० टक्क्यांपर्यंत घेता येतात, म्हणजे दार उघडं आहे पण अरुंद. म्हणून गेट्स केंब्रिज, कॉमनवेल्थ अशा स्कॉलरशिपचे अर्ज बरोबरीने टाका.

युरोपकडे आपली मुलं फार कमी बघतात याचं मला वाईट वाटतं. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे इथे पीएचडी ही चक्क नोकरी असते, कॉन्ट्रॅक्ट, पगार, रजा, पेन्शनसकट. जागा नोकरीसारख्याच जाहिरात होतात, वर्षभर कधीही, युरॅक्सेस नावाच्या पोर्टलवर अलर्ट लावून ठेवा. जर्मनीत मॅक्स प्लांकच्या आयएमपीआरएस शाळा, बर्लिनमध्ये बायोलॉजी आणि कॉम्प्युटेशनची वेगळी आहे. व्हिएन्नाजवळची आयएसटीए, हेलसिंकीची एफआयएमएम, एस्टोनियाचं तार्तू विद्यापीठ, हे सगळं शंभर टक्के बघण्यासारखं आहे, कारण फिनलंड-एस्टोनियात बायोबँक दाराशीच आहे. मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जागा कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला चालतात, अट इतकीच की ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. भारतात बसून अर्ज करणाऱ्याला ही अट अडतच नाही, उलट तिथे आधीच मास्टर्स करणाऱ्यांना अडते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठ, जीसीटीए हे हेरिटॅबिलिटी (एखाद्या गुणातला फरक किती आनुवंशिक ते) काढायचं सॉफ्टवेअर त्याच ब्रिस्बेन शहरातल्या ग्रुपमधून आलं.

तयारीत काय दाखवायचं

कोर्सची सर्टिफिकेटं कुणी विचारत नाही. लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, लाइकलीहूड, रिग्रेशन, थोडं बेझियन, हे एनपीटीईएलवर फुकट आहे, ते वही-पेन घेऊन करा. आर आणि पायथन दोन्ही, लिनक्सची कमांड लाइन, गिट. बायोवाल्यांनी गणिताला घाबरून "मी टूल वापरायला शिकतो" एवढ्यावर थांबू नये, कारण टूल दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. आणि स्टॅटवाल्यांनी जेनेटिक्सचं एक चांगलं टेक्स्टबुक पहिल्या पानापासून वाचावं, नुसते मॅट्रिक्स बघू नयेत.

त्याबरोबर एक छोटं काम पूर्ण करून दाखवा. मी सुचवते ते असं. वन थाउजंड जीनोम्समधून फक्त २२ व्या क्रोमोसोमची फाइल घ्या, दोनशे एमबीच्या आसपास आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. प्लिंक या जेनेटिक डेटाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या, पाच टक्क्यांपेक्षा दुर्मिळ व्हेरियंट काढा, एकमेकांना चिकटून चालणारे व्हेरियंट छाटा आणि पीसीए करा, म्हणजे हजारो जागांतला फरक मोजक्या अक्षांवर आणा. आफ्रिका, युरोप, पूर्व आशिया वेगवेगळे दिसतील, आपले लोक मध्ये कुठेतरी. पूर्ण जीनोमवर फक्त दक्षिण आशियाई घेऊन हेच केलं की ह्यूस्टनच्या गुजरात्यांमध्येसुद्धा वेगळे पुंजके पडतात, म्हणजे आपण "एक गट" म्हणतो त्याच्या आतही लग्नसंबंधांच्या भिंती दिसतात.

आता पुढची पायरी, हीच खरी महत्त्वाची. एक खोटा आजार बनवा, जो जीन्सवर अजिबात अवलंबून नाही, फक्त एका लोकसंख्येत जास्त आणि दुसरीत कमी असा टाका. त्यावर जीवॉस चालवा. क्यूक्यू प्लॉट (अपेक्षित आणि मिळालेल्या पी-व्हॅल्यूंची तुलना) सरळ रेषेवरून वर उचललेला दिसेल, लॅम्डा (निकाल किती फुगलेत ते सांगणारा आकडा) एकच्या खूप वर जाईल, आणि जिथे काहीच नाही तिथे ढिगाने सिग्नल मिळतील. मग पीसीएचे पहिले दहा घटक मॉडेलमध्ये टाकून परत चालवा आणि प्लॉट खाली बसतो का बघा. पुढे मुद्दाम दोन व्हेरियंटना खरा परिणाम द्या आणि ते सापडतात का, किती माणसं घेतली की सापडतात, ते मोजा. हे सगळं कोडसकट गिटहबवर टाका, सोबत दोन पानांचं साध्या भाषेतलं टिपण. गटागटांतल्या फरकामुळे होणाऱ्या या फसगतीला पॉप्युलेशन स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात, इंटरव्ह्यूमध्ये ते काय असं विचारलं की तुम्ही व्याख्या म्हणून दाखवणार नाही, तुमचा स्वतःचा प्लॉट उघडून समजावाल, आणि समोरच्याला तो फरक लगेच कळतो.

गाईडला मेल

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली मोटिव्हेटेड, युअर एस्टीम्ड लॅब" असा मेल दिवसाला ढिगाने येतो, एकाच वेळी चाळीस जणांना पाठवलेला, आणि तो वाचलाच जात नाही. मेल बारा-पंधरा ओळींचा. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, काय शिकताय, कधीपासून जॉइन होऊ शकता. मग त्यांच्या एका पेपरबद्दल एक नेमकी गोष्ट, उदाहरणार्थ "तुम्ही युरोपीय डेटावरचा स्कोअर दक्षिण आशियाई सॅम्पलवर तपासलाय, तो कमी चालण्यात एलडीमधल्या (शेजारच्या जागांच्या नात्यातल्या) फरकाचा वाटा किती आणि व्हेरियंटच्या प्रमाणाचा किती हे वेगळं काढता येईल का, मी एका क्रोमोसोमवर सिम्युलेशन करून पाहिलं, लिंक देतोय." मग सरळ प्रश्न, पुढच्या वर्षी तुमच्याकडे पीएचडीची जागा आणि परदेशी विद्यार्थ्यासाठी फंडिंग आहे का. सीव्ही जोडा आणि थांबा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, पुन्हा नको. एआयकडून लिहून घेतलेला मेल ओळखू येतो, तुमचं इंग्रजी थोडं मोडकं असलं तरी चालेल, पण विचार तुमचा पाहिजे.

एलओआरचं, म्हणजे शिफारसपत्राचं, मात्र आपल्याकडे दुखणं आहे. "तूच लिहून आण, मी सही करतो" असं बऱ्याच कॉलेजमध्ये म्हणतात. अशा वेळी सरांना किंवा मॅडमना नम्रपणे एक पान द्या, त्यावर तुम्ही त्यांच्याकडे काय केलं, प्रोजेक्टमध्ये नेमकं काय अडलं, कसं सोडवलं, मार्क, आणि कुठल्या प्रोग्रॅमला अर्ज आहे ते मुद्द्यांत लिहा, म्हणजे त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहायला सोपं जातं. पोर्टलची लिंक त्यांच्याकडे थेट जाते, शक्यतो संस्थेचा ईमेल द्यायला सांगा, साध्या जीमेलवरून आलेलं पत्र काही ठिकाणी संशयाने बघतात. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज सप्टेंबरच्या आधीच युनिव्हर्सिटीत टाका, दिवाळीच्या सुट्टीत काहीही हलत नाही.

निवडण्याआधी चौकशी

ऑफर आली की हुरळून जायला होतं आणि व्हायलाच पाहिजे, पण हो म्हणण्याआधी त्या लॅबमधल्या सध्याच्या आणि सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांशी बोला. गेल्या पाच-सहा वर्षांतले विद्यार्थी किती वर्षांत पास झाले, त्यांचे पहिल्या नावाचे पेपर आहेत का, कुणी अर्धवट सोडून गेलंय का आणि का, सर आठवड्याला भेटतात की महिनोन्‌महिने भेट नसते. "डेटा येणार आहे" आणि "डेटा आलाय" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. येणार आहे म्हणाले तर एथिक्सची परवानगी मिळाली का, सॅम्पल गोळा झालेत का, सिक्वेन्सिंगचे पैसे मंजूर आहेत का, हे तिन्ही विचारा, कारण माणसांच्या जेनेटिक डेटाला परवानग्या लागतात आणि त्यात सहज एखादं वर्ष जातं. पूर्ण वेट लॅबमध्ये (जिथे सगळे प्रत्यक्ष प्रयोगच करतात) तुम्ही एकटेच कोडिंग करणारे असाल तर सगळ्यांचं ॲनालिसिस तुमच्या गळ्यात पडतं, नाव चौथ्या-पाचव्या नंबरला येतं आणि स्वतःचा थेसिस मागे राहतो. अशा ठिकाणी दुसरा को-गाईड स्टॅटिस्टिक्सचा मिळेल का ते जॉइन होण्याआधी ठरवून घ्या, तेही लेखी.

पैसे घेऊन पेपर छापून देणारे, थेसिस लिहून देणारे, परदेशी ॲडमिशनची गॅरंटी देणारे एजंट, यांच्या नादी लागू नका. पीएचडीच्या अर्जाला एजंट लागतच नाही. अर्जाची फी परवडत नसेल तर बऱ्याच अमेरिकन प्रोग्रॅममध्ये फी माफीचा फॉर्म असतो, तो डेडलाइनच्या दोन-तीन आठवडे आधी भरा.

आत्ता एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असाल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्या तरी लॅबमध्ये इंटर्नशिप, त्याच दरम्यान वरचं छोटं काम, जुलै-ऑगस्टमध्ये पेपर वाचून गाईडची पंधरा नावांची यादी, सप्टेंबरमध्ये मेल आणि ट्रान्सक्रिप्ट, ऑक्टोबरमध्ये एसओपी (अर्जासोबतचं स्वतःच्या उद्देशाचं टिपण), नोव्हेंबरमध्ये एलओआरवाल्यांना आठवण, डिसेंबरमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जेजीबिल्स, जानेवारीत युरोप, फेब्रुवारीत गेट. नेट वर्षातून दोनदा येते, ती यात कुठे बसवायची ते तुमच्या सेमिस्टरच्या परीक्षा बघून ठरवा. स्वतःचा विषय आणि वर्ष लिहून कुणाला यादी दाखवायची असेल तर दाखवा, वेळ मिळेल तशी बघून सांगेन.